अस्तर

चंदेरीला अस्तर लागतंच.
दौलतगंजातल्या या गल्लीत एकतीस वर्षं
प्रत्येक नवरीच्या आईला मी हेच सांगत आलेय,
अहो, धुक्यावर टाच कशी घालू?
तरी एखादी म्हणतेच, शेजवलकरबाई, अस्तर वगळा ना,
तेवढेच साठ रुपये वाचतील,
दिसतंय कुणाला.

दिसत नाही, हेच तर त्याचं काम.

आदल्या रात्री रुबिया बादलीत भिजत घालायचं,
आटायचं तेवढं आधीच आटू द्यायचं,
वाळवून, इस्त्री फिरवून, मग कात्री.
न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात
ब्लाउज आतून गोळा होतो
आणि बाई वरूनच चाचपत राहते, बिघडलं कुठे.

मागच्या लगीनसराईत अंगठा सुजला. उजवा, कात्रीचा.
मग मानेपासून कोपरापर्यंत एक तापलेली तार.
डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या,
एक दुखण्याची,
एक पोटाची, सकाळी चहाआधी अर्धा तास.
खंडेलवालच्या काउंटरवर मी दुसरीवर बोट ठेवलं,
हिचे किती? मग राहू द्या.
मला कुठे ॲसिडिटी आहे.

साठसुद्धा नव्हते हो. पंचावन्न.

पहिली मात्र दिवसाला दोन. मग तीन.
मुहूर्त अंगावर आले तशी
जाऊबाईंच्या डब्यातली, नाव न वाचता, आणखी एक.
आधी पोळीचा तुकडा, वरून कपभर दूध,
वाटायचं, केली की पोटाची सोय.

संक्रांतीनंतर तीन दिवस काळं झालं.
डांबरासारखं, चिकट, वासही भलताच.
म्हटलं, मुरैन्याची गजक जास्त झाली, गुळाची असेल.
पोट दुखलंच नाही.
कसं दुखेल?
दुखणं मारायचीच तर गोळी घेत होते.
चौथ्या दिवशी सुईत दोरा ओवताना
नेढंच विझलं.

जयारोग्यमध्ये घशातून नळी घातली.
डॉक्टर पोरसवदा, सिकरवार आडनाव,
नंतर पडद्यावरचा फोटो दाखवत हिंदीत म्हणाली, झिल्ली.
मी मनातल्या मनात लगेच पालटून घेतलं.
गुलाबी, ओलं, चुण्याचुण्यांचं,
इतकं सुबक काम मी जन्मात केलेलं नाही.
आणि दोन ठिकाणी उसवलेलं.
काठ पांढरट, मध्ये काळा ठिपका.

ती म्हणाली, पोळीनं ती गोळी अडत नाही आंटी,
रक्तातून फिरून मागच्या दारानं येते.
अंगठ्याला ठणकायला लावणारं जे असतं
त्याचंच भावंडं पोटात बसून
अस्तर ओलं ठेवतं, विरलेलं भरतं.
गोळीला दोघांमधला फरक कळत नाही.
ठणका गप्प होतो,
आणि आत कुणाच्या तरी हातातली सुई खाली ठेवली जाते.

एरवी चार-पाच दिवसांत
वरचा थर नवा होतो म्हणे.
माझा वायदा आठ दिवसांचा, तोही एका ब्लाउजचा,
त्यातही गिऱ्हाईक दोनदा फेरी मारून जातं.

दोन महिने ती पंचावन्नची गोळी.
दुखण्याची बंद, विचारल्याशिवाय एकही नाही,
जाऊबाईंचा डबा जाऊबाईंच्या फळीवर.
अंगठा दुखतो. गरम पाण्यात बुडवते,
नाडे लावायचं काम मुन्नीकडे दिलंय,
ऑर्डरी निम्म्या घेते
आणि उरलेल्या बायका रागावून सराफ्याकडे जातात, जाऊ देत.

सकाळी सहाला गोळी घेते, चहाला अर्धा तास.
तेवढ्यात रात्रीचं रुबिया पिळून दोरीवर टाकते.
बादलीत पाणी गुलाबी झालेलं असतं, कच्चा रंग.
पूर्वी मोरीत तसंच ओतायची.
हल्ली काहीही ओतण्याआधी
मी वाकून रंग बघते.